पोलादी पाइप, पोकळ दंतकथा : १९६२ आणि १९८२ च्या निर्यातबंदीचा हिशेब

१/ “रेगनने पाइप अडवले आणि सोविएत संघ कोसळला.” शीतयुद्धाच्या इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसमोर हे विधान दर काही महिन्यांनी नव्या नकाशासह, नव्या पार्श्वसंगीतासह येते आणि हजारो जण ते पुढे धाडतात. विधान ऐटबाज आहे. मात्र त्यातला कालक्रम चुकलेला आहे, अडवलेली वस्तू चुकलेली आहे आणि कार्यकारणभाव तर मुळातच नाही.

२/ प्रथम वस्तू. तेल किंवा नैसर्गिक वायू शेकडो कोस वाहून नेणारा पाइप म्हणजे घरातल्या नळाचा थोरला भाऊ नव्हे. जर्मनीतील रेमशाइड गावच्या मानेसमान बंधूंनी १८८० च्या दशकात तापलेल्या पोलादी गजातून बिनजोड पाइप काढण्याची युक्ती शोधली; पण तिला व्यासाची मर्यादा आहे. त्यापुढचे मोठे पाइप जाड पोलादी पत्रा वाकवून, कडा वितळजोडाने सांधून करावे लागतात. एक मीटर व्यासाच्या पाइपाला सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद पत्रा लागतो. तेवढा रुंद, सर्वत्र सारख्या जाडीचा आणि थंडीत न तडकणारा पत्रा लाटणारे कारखाने १९६० च्या सुमारास जगात मोजके होते.

३/ एवढ्या मोठ्या व्यासाचा हट्ट कशासाठी? दाब आणि अंतर तेच ठेवून पाइपाची वहनक्षमता व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या जवळपास वाढते. १०२० मिलिमीटरऐवजी १४२० मिलिमीटरचा पाइप घातला तर व्यास दीडपटही होत नाही, वहन मात्र सव्वादोन पटींच्या पुढे जाते. सायबेरियाच्या गोठलेल्या दलदलीत एकाच्या जागी दोन चर खणावे लागणार की नाही, हे या गणिताने ठरत होते. म्हणून मॉस्कोचे खरेदीदार रूरच्या खोऱ्यात खेटे घालत होते.

४/ डिसेंबर १९५८ मध्ये पूर्व गटाच्या आर्थिक परिषदेने प्रागमध्ये एक तेलवाहिनी मंजूर केली. नाव ‘द्रुझ्बा’, म्हणजे मैत्री. तातारस्तानातील अल्मेत्येव्हस्कहून निघून ती बेलारूसमधील मोझिरला पोहोचते. तिथून एक फाटा पोलंड व पूर्व जर्मनीकडे, दुसरा चेकोस्लोव्हाकिया व हंगेरीकडे. सुमारे ४००० किलोमीटर. यासाठी लागणारे थोराड पाइप सोविएत कारखान्यांना पुरेसे करता येत नव्हते. ऑक्टोबर १९६० मध्ये इटलीच्या एनी या सरकारी तेल कंपनीने, म्हणजे एन्रिको मात्तेईने, स्वस्त सोविएत तेलाच्या बदल्यात पाइप आणि कृत्रिम रबर देण्याचा करार केला. अमेरिकी तेल कंपन्यांच्या पोटात खरी कळ उठली ती इथे. लष्करी धोक्याची भाषा पुढे जोरात झाली. बाजारभाव पडण्याची भीती आधीची होती.

५/ ५ ऑक्टोबर १९६२ रोजी मानेसमान, हॉश आणि फिनिक्स-राइनरोर या तीन पश्चिम जर्मन कंपन्यांनी १,६३,००० टन पाइपांचा सोविएत सौदा केला. त्याच महिन्यात क्यूबाचा पेचप्रसंग उद्भवला. २१ नोव्हेंबरला नाटो परिषदेने गुप्त शिफारस केली : १९ इंचांहून अधिक व्यासाचे पाइप पूर्व गटाला देऊ नयेत, झालेले करारही मोडावेत. १८ डिसेंबरला आडेनाउअर सरकारने निर्यातबंदीचा हुकूम काढला. झालेले करार मोडणे, ही यातली कळीची बाब. शब्द पाळणारा पुरवठादार ही रूरच्या कारखानदारीची पिढ्यांची पुंजी होती आणि ती सरकारने एका सहीत खर्चून टाकली.

६/ पुढे जे घडले ते कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही, म्हणून सविस्तर. जर्मन कायद्यानुसार असा हुकूम संसद तीन महिन्यांत रद्द करू शकत होती. विरोधातले समाजवादी रद्द करण्याच्या बाजूचे. सरकारात भागीदार असलेले उदारमतवादीही त्यांच्या बाजूचे. दोघे मिळून बहुमत होत होते. मुदत संपण्याचा दिवस १८ मार्च १९६३. त्या दिवशी आडेनाउअरच्या पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून गेले, गणपूर्ती मोडली, मतमोजणी निरर्थक झाली आणि हुकूम कायम राहिला. स्वतंत्र जगाच्या रक्षणासाठी काढलेला हुकूम संसदेचे मत चुकवून वाचवला गेला. बंदीची पोवाडेगिरी करणाऱ्यांनी हा प्रसंगही गावा.

७/ बंदीचा परिणाम काय झाला? ब्रिटनने ती शिफारस बंधनकारक मानली नाही. इटलीने आधीचे सौदे पुरे केले. स्वीडन आणि जपान नाटोत नव्हतेच. म्हणजे दार लावले ते एकाच घराने. गल्ली उघडीच होती.

८/ आणि चेल्याबिन्स्क. उरल पर्वताच्या या शहरातील पाइप कारखान्यात १९६३ मध्ये १०२० मिलिमीटर व्यासाचा पाइप निघाला. पहिल्या पाइपावर कामगारांनी खडूने आडेनाउअरला उद्देशून दोन शब्द लिहिल्याचे सांगतात. रशियन भाषेत ‘त्रुबा’ म्हणजे पाइप आणि बोलीत ‘त्रुबा’ म्हणजे कारभार आटोपला. हा पाइप कसा साधला ते अधिक बोलके आहे. पुरेसा रुंद पत्रा नव्हता, म्हणून दोन अरुंद पत्रे अर्धगोल वाकवून समोरासमोर ठेवले आणि एकाऐवजी दोन सांधे मारले. काम वाढले, पोलाद वाहू लागले. १९६४ मध्ये द्रुझ्बा पूर्ण झाली. बंदीने फार तर वर्षभराचा उशीर केला.

९/ तेवढ्यात एक विसंगती नोंदवून ठेवण्याजोगी. ऑक्टोबर १९६३ मध्ये, बंदीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, अध्यक्ष केनेडींनी सोविएत संघाला अमेरिकी गहू विकण्यास मंजुरी दिली. जर्मन पाइप म्हणजे शत्रूला मदत, अमेरिकी गहू म्हणजे व्यापार. डुइसबुर्गच्या लोहारशाळेतल्या माणसाला हा फरक कोणी समजावला असेल, तर त्याची नोंद सापडत नाही.

१०/ नोव्हेंबर १९६६ मध्ये बंदी मुकाट्याने उठली.

११/ १ फेब्रुवारी १९७० रोजी एसेनच्या कायझरहोफ हॉटेलात सह्या झाल्या. मानेसमानने १२ लाख टन मोठे पाइप द्यायचे, जर्मन बँकांनी १.२ अब्ज मार्कांचे कर्ज द्यायचे, सोविएत संघाने वीस वर्षे वायू पुरवून त्याची फेड करायची. दोन्ही देशांचे मंत्री, शिलर आणि पातोलिचेव्ह, समोर उपस्थित होते. पाइप तिकडे, वायू इकडे. १९७३ मध्ये वायू आला. पश्चिम जर्मनीच्या पूर्वाभिमुख धोरणाची वर्णने करार आणि गुडघे टेकण्याच्या छायाचित्रांनी भरलेली असतात. त्या धोरणाचा पाया मात्र या पत्र्याच्या वळणात होता.

१२/ आता रेगन. उत्तर सायबेरियातील उरेंगोय ते उझगोरोद अशी सुमारे ४,४५० किलोमीटरची वायुवाहिनी, व्यास १४२० मिलिमीटर. नोव्हेंबर १९८१ मध्ये जर्मन करार झाला. १३ डिसेंबरला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला, २९ तारखेला अमेरिकेने निर्बंध जाहीर केले. ते पाइपांवर नव्हते, असू शकतही नव्हते : हे पाइप युरोप आणि जपान देत होते. अडवले गेले ते प्रामुख्याने वायू पुढे ढकलणाऱ्या संपीडक केंद्रांच्या टर्बाइनांचे भाग आणि पाइप चरात उतरवणारी यंत्रे. “रेगनने पाइप अडवले” या विधानातला कर्ता बरोबर आहे, कर्म चुकले.

१३/ १८ जून १९८२ रोजी निर्बंध अमेरिकी परवान्यावर काम करणाऱ्या युरोपीय कारखान्यांपर्यंत ताणले गेले. म्हणजे ग्लासगोजवळच्या कामगाराने काय जोडायचे हे वॉशिंग्टन ठरवणार. फ्रान्सने आपल्या कंपन्यांना करार पाळण्याचा आदेश दिला. रेगनची जिवलग राजकीय मैत्रीण मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० च्या व्यापारहित संरक्षण कायद्याचा आधार घेऊन ब्रिटिश कंपन्यांना अमेरिकी आदेश पाळण्यास मनाई केली. ‘क्वीन मेरी’ जहाज जिथे बांधले त्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीची टर्बाइने उन्हाळ्याच्या अखेरीस सोविएत जहाजावर चढली. पाइप उतरवणाऱ्या यंत्रांची मागणी अमेरिकेच्या कॅटरपिलरकडून जपानच्या कोमात्सूकडे गेली. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी रेगन यांनीच निर्बंध मागे घेतले. पाच महिनेही झाले नव्हते. गव्हाची निर्यात? तिच्यावरील कार्टरकालीन बंदी रेगन यांनीच एप्रिल १९८१ मध्ये उठवली होती. आयोवाच्या शेतकऱ्याला मत असते, क्लाइडबँकच्या कामगाराला अमेरिकेत नसते.

१४/ इथे हमखास तो स्फोट येतो. अमेरिकी गुप्तचरांनी नियंत्रणप्रणालीत दोष पेरला आणि १९८२ मध्ये सायबेरियात तीन किलोटनांचा स्फोट झाला, म्हणे. या कथेचा उगम रेगन यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत काम केलेल्या थॉमस रीड यांच्या २००४ मधील आठवणींत आहे. घटनेनंतर बावीस वर्षांनी. तिला स्वतंत्र दुजोरा आजवर मिळालेला नाही आणि उरेंगोयची वाहिनी १९८२ मध्ये पूर्णही झालेली नव्हती. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर मराठेशाहीतली एखादी लढाई कोणी मांडली, तर हेच वाचक बखर कोणती, समकालीन पत्र कुठे, असे विचारतात. तोच निकष सायबेरियालाही लावावा.

१५/ आता दुसऱ्या बाजूची दंतकथा, कारण तीही तितकीच पसरते : बंदी आली म्हणून सोविएत संघ स्वावलंबी झाला. चेल्याबिन्स्कचा खडू खरा असेल, स्वावलंबन खरे नाही. १९७० चा बारा लाख टनांचा सौदा हाच त्याचा पुरावा. १४२० मिलिमीटरचे पाइप सोविएत संघ अखेरपर्यंत पश्चिम जर्मनी, इटली, फ्रान्स आणि जपानकडून प्रचंड प्रमाणात आणत राहिला. अंतराळात माणूस पाठवणाऱ्या राष्ट्राला पुरेसा रुंद पत्रा लाटता येऊ नये, हा त्या व्यवस्थेवरचा जो अभिप्राय आहे तो कोणत्याही निर्बंधापेक्षा कठोर आहे. आणि तिजोरीला मोठा हादरा बसला तो १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्याने.

१६/ बंदीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र टाळता येणार नाही. युरोप रशियन वायूवर अवलंबून राहील, ही १९८२ मधील अमेरिकी धास्ती २०२२ मध्ये अक्षरशः अनुभवास आली. पण धोका ओळखणे वेगळे आणि त्यावर चुकीचे औषध देणे वेगळे. १९६२ मध्ये आणि १९८२ मध्ये युरोपला पर्यायी, परवडणारे इंधन कोणी देऊ केले? फक्त विक्रेत्याचा हात पिरगाळला. वायू विकत घेणारे सौदे तसेच राहिले आणि युरोपची गरजही.

१७/ त्या वाहिनीचे पुढे काय झाले? १९८४ च्या आरंभी फ्रान्सला वायू मिळू लागला. चेर्नोबिल झाले, बर्लिनची भिंत पडली, सोविएत संघ गेला; वायू वाहत राहिला. युद्ध सुरू झाल्यावरही युक्रेनमधून तो जात होता. १ जानेवारी २०२५ रोजी वहनाचा करार संपला, युक्रेनने नवा केला नाही आणि झडपा बंद झाल्या. मार्च २०२५ मध्ये सुद्झा शहराजवळ रशियन सैनिक त्याच रिकाम्या पाइपात शिरले आणि वाकून चालत युक्रेनी फौजेच्या पिछाडीला बाहेर पडले. व्यास १४२० मिलिमीटर. ताठ उभे राहता येत नाही.