दुकान मिटते, विक्रेत्याचे काय?

सिडकोने वसवलेल्या खारघरमध्ये मॉल आले, आता भ्रमणध्वनीवर मागवलेला मालही दारात येतो. या सोयीच्या हिशेबात विक्रेत्याचा रकाना मात्र कोराच आहे.

१९४८ साली मुंबईतील नायगावच्या कामगारांनी सहकारातून ‘अपना बाजार’ उभारला. अशा भांडारातील विक्रेत्याला मालाची पारख असे आणि त्याच्या शब्दावर ग्राहकाचा विश्वास असे. मॉलच्या झगमगाटात ही भांडारे मागे पडली. पण झगमगाट तरी कुठे टिकला? २०२२ मध्ये ‘बिग बझार’ची शेकडो दालने बंद पडली, २०२४ मध्ये फ्यूचर रिटेल अवसायनात निघाली. फलक बदलले, मालक बदलले. टांगती तलवार विक्रेत्याच्या डोक्यावर राहिली.

जुन्या विक्रेत्याची खंत दुकान गेल्याची नसते, तर पारखीची किंमत गेल्याची असते. नव्या विक्रेत्याची अपेक्षा तर साधी आहे : कामाची शाश्वती, हक्काची साप्ताहिक सुट्टी आणि बसायला खुर्ची. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली. खारघरच्या सुजाण ग्राहकानेही सवलतीची चौकशी करताना त्या खुर्चीची चौकशी करावी. ग्राहकाने विचारल्याशिवाय मालक ती देणार नाही.