खडकी बोलते, दौंड ऐकते काय?

भाईंदरहून रेल्वेने पंढरपूरला निघालात की पुण्याच्या अलीकडे खडकी आणि पुढे दौंड लागते. परवा कामानिमित्त सोलापूरला जाताना ही दोन्ही स्टेशने मी मुद्दाम खिडकीतून पाहिली.

२३ जुलै १९२७ रोजी याच दोन गावांच्या जोरावर हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. लढाईत शत्रूने समुद्रातली तार तोडली तर निरोप अडू नये, ही इंग्रज सरकारची जुनी काळजी. लष्करी छावणीच्या खडकीकडे संदेश पाठवण्याचे केंद्र झाले. संदेश घेण्याचे केंद्र मात्र सुमारे ८० किलोमीटर लांब, दौंडला!

असे का? डिझेल इंजिन धडधडत असताना बांधापलीकडची हाक ऐकू येते का? तसेच हे. साता समुद्रापलीकडून येणारा क्षीण आवाज पकडायला शांत जागा आणि कान देऊन बसलेला माणूस लागतो. म्हणून ऐकण्यासाठी वेगळे केंद्र उभारले.

आपल्याकडे खडकी जोरात आहे. हवामान खाते इशारे देते, दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पण दौंड कुठे आहे?

माझीच चूक सांगतो. अवकाळीचा इशारा आला, मी तो मोबाईलच्या ग्रुपवर टाकला आणि काम झाले म्हणून निजलो. दुसऱ्या दिवशी राई गावात खळ्यावरचे भाताचे भारे भिजलेले. म्हातारबाबा म्हणाले, "साहेब, मेसेज आला असंल, पण मोबाईल पोराकडं आन् पोरगा अंधेरीला कामावर." मला खाली मान घालावी लागली. उत्तनला वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचे आणि भाईंदरच्या मिठागरांचेही असेच. एक सर पडली की महिन्याची कमाई पाण्यात.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना विनंती: गावात एक माणूस ऐकण्यासाठी नेमा. इशारा येताच देवळाच्या किंवा चर्चच्या भोंग्यावरून तो सांगा, चावडीच्या फळ्यावर लिहा. आणि बिनतारी यंत्रावरचा माणूस देतो तशी "मिळाला" म्हणून पोच द्या. पोच आली नाही तर आम्ही पुन्हा फोन करू, ही आमची जबाबदारी.

निरोप पाठवला म्हणजे पोचला असे नव्हे.