बुद्ध पौर्णिमेच्या रात्री कोणाला आठवायचे?

जेन गुडाल यांचे १ ऑक्टोबर २०२५ रोजी निधन झाले. हाती पदवी नसताना १९६० मध्ये त्या टांझानियातील गोंबेच्या जंगलात गेल्या आणि चिंपांझी काडीचे हत्यार करून वाळवी काढून खातात, हे त्यांनी जगाला दाखवले. त्यांना आम्ही आदरांजली वाहतो. त्याच आदराने आम्हाला विदर्भातील स्वाती ढुमणे आठवतात. ताडोबातील या वनरक्षक २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघांचे जे आकडे आपण अभिमानाने सांगतो, ते अशा पायपिटीतून येतात.

हा प्रश्न पुसदपासून दूर नाही. शेजारच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, पांढरकवड्याजवळ टिपेश्वर आहे. तेरा माणसांच्या बळींचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात गोळी घालण्यात आली. वाघिणीचे नाव देशभर झाले. मारल्या गेलेल्या शेतकऱ्यांची, गुराख्यांची नावे किती जणांना आठवतात?

प्राणिहिंसेपासून दूर राहणे हे आपले पहिले शील. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकच्या प्राचीन शिलालेखातही प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. पण रानात मोलमजुरीला, सरपणाला जाणारी आपली आया-बहीणही प्राणिमात्रांतच येते. वाघाची बाजू की माणसाची, अशी करुणेची वाटणी धम्मात बसत नाही.

करुणेला प्रज्ञेची जोड हवी. ती विद्या अत्रेय यांच्यासारख्या संशोधिकांनी दिली आहे. जुन्नर भागातील बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. अकोले तालुक्यात बिबटे उसाच्या शेतांत, वस्तीलगत राहतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे ‘पिंजरा लावा आणि उचलून न्या’ ही मागणी पुष्कळदा आपले संकट दुसऱ्या गावाच्या दारात नेऊन ठेवते. त्यापेक्षा रानात एकट्याने न जाणे, गोठा बंदिस्त ठेवणे, घराभोवती उकिरडा व भटकी कुत्री वाढू न देणे, हे उपाय हाती आहेत. सरपणासाठी रानात जावे लागू नये म्हणून घरात गॅस परवडला पाहिजे, ही जबाबदारी मात्र शासनाची आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात वनविभाग पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राण्यांची गणना करतो. त्याच दिवशी आपण विहारात जमतो. यंदा पुसद परिसरातील विहारांनी एखाद्या महिला वनरक्षकाला सन्मानाने बोलवावे आणि तिचे अनुभव ऐकावेत. हल्ल्यात माणूस गमावलेल्या कुटुंबाचा मदतीचा अर्ज अडला असेल, तर तोही तिथेच हाती घ्यावा. मैत्रीभावना वंदनेत म्हणतोच, ती अशी कामातही दिसू द्या.