'मिटलेली' प्रकरणे मोजू नका

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



नवऱ्याने मारले म्हणून बाई पोलीस ठाण्यात येते, तेव्हा पुष्कळदा भारतीय न्याय संहितेच्या कलम 115(2) खाली एनसी लिहून घेतली जाते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास नाही. मग नवऱ्याला बोलावून दम दिला जातो, दोघांकडून लिहून घेतले जाते आणि प्रकरण 'मिटते'. हे मिटणे पोलिसांचे यश म्हणून मोजले जाऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र.

कारण ठाण्याची पायरी चढणारी बाई पहिल्या भांडणानंतर आलेली नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) लग्न झालेल्या, 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात सुमारे 29 टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे 25 टक्के जणींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 14 टक्के जणींनीच कुणाची तरी मदत मागितली, आणि ती मागितली बहुतांशी माहेरी किंवा सासरच्याच माणसांकडे. पोलिसांचे दार या वाटेच्या अगदी शेवटी आहे. तिथूनही 'समजुतीने घ्या' ऐकून ती परतली, की मारणाऱ्याला कळते, आता हिला जायला कुठलेच दार उरले नाही.

कायद्याने पोलिसांना याहून निराळे काम नेमून दिले आहे. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चा. त्याच्या पाचव्या कलमानुसार तक्रार घेणाऱ्या पोलिसाने संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत, संरक्षण आदेश मागण्याचा हक्क आणि छळाची फौजदारी तक्रार देण्याचा हक्क या सगळ्याची माहिती बाईला द्यायची आहे. छळाचे जुने कलम 498अ आता न्याय संहितेत कलम 85 झाले आहे, आणि तिने किंवा तिच्या नातेवाइकांनी खबर दिली तर तो गुन्हा दखलपात्र असतो. वर्षानुवर्षांची मारझोड एकेका थपडेच्या एनसीत तोडून लिहिली, की तो छळ कागदावर दिसेनासा होतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या तक्रारींचा. त्याची काळजी सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात घेतली आहे. पण तिथे लगाम आहे तो ऊठसूट अटक करण्याला, तक्रार नोंदवण्याला नव्हे. 2013 च्या ललिता कुमारी निकालाने वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा दिली, तीही मुदतीत आणि डायरीत नोंद करून. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: अनेक जणींना नवरा तुरुंगात नको असतो, फक्त मार थांबायला हवा असतो. 2005 चा कायदा नेमका त्यांच्यासाठीच आहे. राहत्या घरातला हक्क, खर्चाची रक्कम, मारहाणीला मनाई, हे सारे अटकेविना मिळते. समेटालाही त्यात जागा आहे, पण या कायद्याच्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करू दिले जात नाही आणि पुन्हा हात उचलणार नाही, अशी हमी पुरुषाने द्यावी लागते. ठाण्यातल्या समेटात बरेचदा हमी बाईकडूनच घेतली जाते, नीट नांदण्याची.

मनुष्यबळ कमी आहे, हेही खरे. पण प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्यांना पोलिसांच्या आवारात बसवणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच सुरू केला होता. वाट आपल्याच खात्यात पाडलेली आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मासिक आढाव्यात किती जोडपी पुन्हा नांदू लागली, हा आकडा विचारू नका. त्याच बाईची, त्याच माणसाविरुद्धची दुसरी तक्रार किती ठाण्यांत आली आणि पहिल्या वेळी तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवले होते का, हे विचारा. ठाणे अंमलदार वरिष्ठ जे विचारतात तेच लिहून ठेवतो. आपण प्रश्न बदललात, तर तिच्या पहिल्या तक्रारीचा कागदही बदलेल.

कळावे,
एक नागरिक