पाळी गेली, दाब आला

'रजोनिवृत्ती' हा शब्द मला जरा फसवाच वाटतो. निवृत्ती म्हटली की पेन्शन आणि आरामखुर्ची डोळ्यांपुढे येते. आमच्या वाशीमकडे त्या वयाच्या बाईच्या वाट्याला मुलांची लग्ने, सासूबाईंचे दुखणे आणि दिवाळीचा फराळ येतो!

सुश्रुताने पाळी जाण्याचे वय ५० सांगितले. आज भारतात ते सरासरी ४६-४७ भरते. तोवर अंडाशयातले इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचिक ठेवीत असते. ते आटले की वाहिन्या ताठरतात, कमरेभोवती चरबी चढते, मिठाचा त्रासही अधिक जाणवू लागतो. म्हणून तरुणपणी पुरुषांहून कमी असलेला बायकांचा रक्तदाब साठीच्या सुमारास त्यांची बरोबरी करतो, पुष्कळदा पुढेही जातो. यात पाळीचा वाटा किती आणि निव्वळ वयाचा किती, हा वाद डॉक्टरांत अजून चालू आहे.

खरी गोम निराळीच. अंगातून वाफा निघणे, घाम, धडधड, झोपमोड ही पाळी जातानाची लक्षणे. वाढलेला दाब मात्र बहुधा मुकाट असतो. आणि चुकून डोके दुखलेच, तर "अहो, या वयात व्हायचेच" म्हणून शेजारणी समजूत घालतात. आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई दोन वर्षे अशीच समजूत घालून घेत होत्या. विद्यार्थ्यांच्या शिबिरात सहज दंडाला पट्टा बांधला, तो १७०/१००! त्यांना पटेना. दुसऱ्या यंत्रावर पाहिले, तिथेही तेच.

तिशीपुढच्या सर्वांची ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रात फुकट होते. रिसोड-मानोऱ्याच्या भगिनींना त्यासाठी अकोल्याची बस धरायला नको. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा वर राहिला, तर डॉक्टरांना गाठावे. हार्मोनच्या गोळ्या हे दाबावरचे औषध नव्हे. अमेरिकेत हजारो बायकांवर चाललेला त्या गोळ्यांचा एक मोठा प्रयोग २००२ साली मुदतीआधीच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले होते. दाबाच्या गोळ्या वेगळ्या, आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने सोडायच्या नसतात.

राहिले मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; लोणचे, पापड, चिवडा त्यातच धरून. वऱ्हाडात ठेचा सोडा म्हणण्याचे धाडस मी करीत नाही, पण त्यातले मीठ बेताने घालता येते. आणि दाब मोजायचा तो चहा-फराळावरून उठून लगेच नव्हे. अर्धा तास जाऊ द्यावा, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसावे, मग पट्टा बांधावा. दिवाळीच्या घरात ती पाच मिनिटे बाईला कोणी द्यायची, हे ज्याने त्याने पाहावे.