‘फिरायला चाललोय’ एवढंच म्हण!

माझ्या मावसभावाचा पासपोर्ट आला त्या दिवशी मावशीने पेढे वाटले. नेवासा तालुक्यातलं गाव, घरातला पहिलाच पासपोर्ट. काकांनी तो कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. (कव्हरला लावलं, आतल्या पानाला नाही, हे नशीब.) पोरगा बी.कॉम. झालेला, एमएस-सीआयटी झालेली, टायपिंग बऱ्यापैकी. दोन आठवड्यांनी त्याचा मला फोन, “ताई, बँकॉकला डेटा एन्ट्रीचं काम लागलंय. महिना सत्तर हजार, राहणं-खाणं फ्री. आणि एजंट म्हणतो, व्हिसा लागतच नाही!”

व्हिसा लागत नाही हे एजंटने खरंच सांगितलं होतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि १५ जुलै २०२४ पासून मुक्कामाची मुदत ६० दिवसांवर नेली. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन निघतो, १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळू लागला, एकदाच प्रवेश असेल तर फी २५ डॉलर. बालीला उतरल्यावर विमानतळावरच पाच लाख रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. पाच लाख ऐकून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आतबाहेर होतात. म्हणजे नगरच्या पोराला आज अमेरिकेच्या व्हिसासारखी मुलाखत नको, बँकेचं जाडजूड बाड नको. वर्षभर पार्टटाइम करून पैसे साठवले तर पुण्याहून विमान पकडून तो बँकॉक बघून येऊ शकतो. हे फार छान आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीला परदेश म्हटलं की दुबईला गेलेला कुणीतरी लांबचा नातेवाईकच आठवायचा.

(जाता जाता एक गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण अनेकांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ अहमदनगरच छापलेलं आहे. व्हिसाचा फॉर्म भरताना पासपोर्टवर जे छापलंय तेच अक्षर न् अक्षर भरा. तिथे आपलं मत द्यायचं नसतं.)

पण हा सगळा सोपेपणा एका अटीवर मिळालेला आहे: तुम्ही फिरायला येताय. काम करायला गेलात तर नियम पूर्ण वेगळे. थायलंडमध्ये परदेशी माणसाला नोकरी करायची तर आधी त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो आणि वर वर्क परमिट लागतं. खरी कंपनी ही कागदपत्रं स्वतः करून देते, माणूस निघायच्या आधीच त्याची तयारी सुरू करते.

भावाला म्हटलं, एजंटने काय काय सांगितलं ते सगळं पाठव. त्याने एक व्हॉइस मेसेज फॉरवर्ड केला. आवाज अगदी आपुलकीचा. “भाऊ, एअरपोर्टवर कुणी विचारलं तर फिरायला चाललोय एवढंच म्हण. कामाचं नाव काढू नको. तिकडं उतरलं की व्हिसा कन्व्हर्ट करून देऊ, आपलं रोजचं काम आहे.”

मी तो तीनदा ऐकला. पगार, कंपनी, फोटो, ऑफर लेटर, यातलं काहीही खोटं बनवता येतं आणि घरबसल्या ओळखणं अवघड असतं. हे एक वाक्य मात्र कुणालाही ओळखता येईल. तुम्हाला इमिग्रेशनच्या खिडकीवर खोटं बोलायला जो सांगतो, तो तुमच्या विरोधातला पहिला पुरावा तुमच्याच तोंडून तयार करून घेत असतो. पुढे काहीही झालं तरी कागदावर तुम्ही नोकरीला गेलेलेच नसता. तुम्ही पर्यटक असता, आणि पर्यटक परत आला नाही तर तो मजा करतोय असंच लोक धरून चालतात.

पुढे काय होतं ते आता लपून राहिलेलं नाही. बँकॉकला उतरलेल्या पोरांना गाडीत बसवून सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या माए सोत या सीमेवरच्या गावात नेतात. तिथून मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. ती नदी ओलांडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणजे तुम्ही त्या देशात बेकायदा घुसलेले. पासपोर्ट काढून घेतात. कुंपणाच्या आत बसवून मुलींच्या नावाने खोटी प्रोफाइल चालवायला लावतात, समोरच्याला गोड बोलून बनावट गुंतवणुकीत पैसे टाकायला लावतात. टार्गेट झालं नाही तर मारहाण, घरी जायचं म्हटलं तर खंडणी. कंबोडिया आणि लाओसमध्येही असेच अड्डे आहेत.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल पहिला ठळक इशारा २४ सप्टेंबर २०२२ रोजी दिला होता. तेव्हा मी बारावी करून नुकती कॉलेजात आले होते आणि हा इशारा आमच्या वर्गात कुणाच्या कानावरही आला नव्हता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका केली आणि एजंटांना अटक केली. आणि हा आकडा बघा: जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात व्हिजिटर व्हिसावर थायलंड, कंबोडिया, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेले २९,४६६ भारतीय परतलेच नसल्याचं इमिग्रेशनच्या नोंदींतून पुढे आलं. त्यातले निम्म्याहून अधिक २० ते ३९ वयाचे. महाराष्ट्रातले ३,२३३. सगळेच अड्ड्यांवर असतील असं मुळीच नाही. पण प्रत्येकाची नोंद पर्यटक म्हणूनच आहे.

यावर एक ठरलेली प्रतिक्रिया येते, “शिकलेली पोरं अशी कशी फसतात?” मला हा प्रश्नच पटत नाही. इंग्रजी टाइप करू शकणारी, कॉम्प्युटर येणारी पोरंच त्यांना हवी असतात. अडाणी माणूस त्यांच्या काय उपयोगाचा? आणि इकडे बी.कॉम., बीसीए करून नागापूर एमआयडीसीत किंवा सावेडीतल्या एखाद्या ऑफिसात बारा-चौदा हजारांवर उभं राहायचं. कांद्याच्या पट्टीवर घर चालतं आणि ती पट्टी दर वर्षी वेगळीच येते. अशा घरात सत्तर हजारांचा आकडा ऐकून पोरगा हरखला तर तो मूर्ख ठरत नाही.

उलट शिकलेल्यांच्या बाबतीत सरकारी जाळीला एक भोक आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते, निदान कुणीतरी अधिकारी करार बघतो. दहावी पास झालेल्याला ही अट नाही. म्हणजे कॉलेजच्या पोराचा करार एजंट आणि तो स्वतः सोडून कुणीच वाचत नाही. त्यात कंबोडिया, लाओस, म्यानमार हे देश त्या १८ मध्येच नाहीत.

काही जण म्हणतात, या देशांनी व्हिसा पुन्हा कडक करावा. मला ते मान्य नाही. दोन-चार दलालांपायी फिरणाऱ्यांचं दार कशाला लावायचं? बदल इथे, आपल्या जिल्ह्यात हवा. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने परदेशी नोकरी हा विषय वर्षातून एक तास तरी घ्यावा. पासपोर्ट काढायला आलेली पोरं पोस्टातल्या केंद्रात रांगेत बसलेली असतात, तिथे मराठीत एक बोर्ड लावायला किती खर्च येतो? पोलीस पडताळणीला कॉन्स्टेबल घरी येतो, तो दोन वाक्यं जास्त बोलला तर घरच्यांच्याही कानावर पडेल. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला परवाना लागतो, त्याचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवर शोधता येतं, आणि तो तुमच्याकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही. आमच्या एजंटने दीड लाख मागितले होते. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, १८००११३०९०. हे सगळं एका बोर्डावर मावतं.

आणि खरंच फिरायलाच जायचं असेल तर स्वतः करा हो. त्या देशाच्या सरकारी साइटवर जा, त्या त्या दिवशीचा नियम बघा, कारण हे नियम बदलत असतात. थायलंडला १ मे २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की टॅब बंद करा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, खर्चाचे पैसे जवळ ठेवा. खिडकीवर विचारलं तर खरं सांगा. खरं सांगायचं असलं की पाठांतर लागत नाही.

भावाला मी एवढंच म्हटलं, एजंटला दोन गोष्टी लेखी माग: परवाना नंबर आणि वर्क परमिट कुठल्या कंपनीच्या नावाने निघणार ते. त्याने मागितलं. एजंट आधी हसला, मग “विश्वास नसेल तर राहू दे, लाइनीत चाळीस पोरं आहेत” म्हणाला, मग ब्लॉक केलं.

भाऊ माझ्यावर महिनाभर चिडून होता. अजूनही पूर्ण निवळलेला नाही. “तुझ्यामुळे सत्तर हजार गेले,” असं मावशीसमोर एकदा बोललाच. सध्या तो एमआयडीसीत स्टोअरला आहे, चौदा हजार, सेकंड शिफ्ट. मावशी मला काही बोलली नाही, चहा मात्र नेहमीपेक्षा कमी गोड होता.

त्याने ब्लॉक झालेला नंबर मला दिला होता. मी तो सेव्ह करून ठेवलाय. परवा त्याचं स्टेटस बघितलं: “कंबोडिया, १५ जागा, फ्रेशर चालतील, व्हिसाचं टेन्शन नाही.” स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांकडे दिला आहे. नंबर अजून चालू आहे.