सहल बंद नको, तिथी शिकवा

मराठवाड्याला समुद्र नाही. नांदेडला गोदावरी आहे, लातूरकडे मांजरा आहे. पण क्षितिजापर्यंत पाणी पाहायचे तर रात्रभर रेल्वेने पनवेल आणि पुढे एस.टी. असा प्रवास करावा लागतो. म्हणूनच आमच्याकडच्या मुलांना समुद्राची ओढ जास्त आणि घरच्यांना त्याची धास्तीही जास्त. कुठे विद्यार्थी बुडाल्याची बातमी आली, की सहली वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. ही धास्ती अकारण आहे असे कोण म्हणेल? १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तरीही बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रापासून दूर ठेवल्याने कोणी शहाणा होत नाही. तो पुढे मित्रांबरोबर, कोणालाही न सांगता जातो.

जाऊन मिळते तरी काय? शाळेत आपण भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर अशी पाठ केली. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. देश काही वाढला नाही, मोजमाप बारीक झाले. पूर्वीची मोजणी १ : ४५ लाख या प्रमाणावरची होती, नवी १ : अडीच लाख या प्रमाणावरची. जवळून पाहू लागताच खाड्या आणि खाचाखोचा मोजणीत आल्या. पायी चालणाऱ्याला तर यापेक्षाही जास्त किनारा दिसतो. गाडीतून उतरून, वाळूत उभे राहून, स्वतःचाच फोटो काढून परतणाऱ्याला तो दिसत नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे हरिहरेश्वरला गेलो होतो. देवळामागून खडकांच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि कड्याखालून प्रदक्षिणेची वाट जाते. ओहोटी असेल तेव्हाच ती चालता येते. खारे पाणी आणि वारा यांनी तिथला खडक मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरला आहे. पण खडक ओळखीचा वाटला! लातूरकडच्या विहिरीत उतरताना दिसतो तोच हा काळा फत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी आपले पठार आणि तो कडा दोन्ही घडवले आहेत. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र हा थर संपतो आणि ग्रॅनाईट लागतो. भूगोलाच्या पुस्तकातले ‘दख्खनचे पठार’ मला त्या दिवशी समुद्राच्या काठावर समजले. छायाचित्रे काढावयाची ती या खडकाची, लाटांनी तासलेल्या सपाट कातळाची आणि त्यात साचलेल्या डबक्यांची.

परंतु हे सारे दिसते ते पाणी मागे हटल्यावर; आणि पाणी केव्हा हटणार हे आपल्याला शिकवलेलेच नाही. किनाऱ्यावरच्या एका कोळीकाकांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करावी. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. अशी भरती दिवसातून दोनदा येते, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण पायाला जागा सांगण्याइतका उपयोगी आहे. माझी आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण आजची तिथी तिला विचारावी लागत नाही. समुद्र समजून घेण्याचे निम्मे साधन आमच्या घरातच होते. आम्हाला माहीत नव्हते, एवढेच.

आता धोका कुठे आहे तो पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते, आणि ही ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते. त्याच वेळी सूर्य समुद्रात उतरत असतो. छायाचित्रासाठी याहून चांगली घटका नाही. पण त्यानंतर अंधारही पडू लागतो आणि सर्वांत मोठी भरती आत येऊ लागते. आपण पुढे लाटांकडे पाहत असतो आणि पाणी मागच्या खोलगट भागातून शिरून परतीची वाट तोडते. नांदेडकरांना विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की घाटावर पाणी चढते हे ठाऊक असते. तशी सूचना मिळते. समुद्राला दरवाजे नाहीत, पण वेळापत्रक आहे. ते न वाचता कातळावर उतरणे म्हणजे धाडस नव्हे, अडाणीपणा होय.

कॅमेऱ्यालाही मर्यादा हवी. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीची खाडी बोटीने ओलांडली की पलीकडे नाना फडणवीसांचे वेळास गाव लागते. २००२ पासून तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ते काम गावकऱ्यांच्या साथीने उभे केले. अंड्यातून निघालेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे धावतात. मोबाईलच्या प्रकाशाचा झोत त्यांची दिशा चुकवतो. चांगल्या छायाचित्रापायी ज्याचे छायाचित्र काढायचे त्याचाच जीव जाणार असेल, तर ते न काढलेले बरे.

म्हणून माझी सूचना अशी. पावसाळा टाळून महाविद्यालयाने वर्षातून एक सहल किनाऱ्यावर न्यावी. निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने त्या दिवसाची भरती-ओहोटी स्वतः मांडून भूगोलाच्या प्राध्यापकांना दाखवावी. ज्याला मांडता येणार नाही त्याने कातळावर उतरू नये. तेथे पोचल्यावर कोळ्यांना विचारून वेळ पक्की करावी आणि पाणी फिरण्याआधी सर्वांनी वर यावे. फोटोसाठी कोणीही पाण्यात पाऊल टाकू नये. परतल्यावर छायाचित्रे व्हरांड्यात लावावीत आणि प्रत्येकाखाली तारीख, तिथी व वेळ लिहावी. दरवर्षी त्याच जागेचे, त्याच तिथीचे छायाचित्र घेतले, तर किनारा कुठे झिजला आणि वाळू कुठे हटली याची नोंद आपल्याच हाती तयार होईल.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. लागते ती घरच्यांची परवानगी. आणि मुलगा किंवा मुलगी हिशेब शिकून निघाली आहे असे दिसले, तर ती मिळणे सोपे होईल. पुढच्या सहलीचे ठिकाण ठरवताना प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा, ही विनंती.